नारायणरावांचे नऊ महिने
लेखमाला : इतिहास वाचताना (लेखांक ९)

बखरीतला तपशील कितपत धरायचा, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. आजचा प्रश्न त्याहून अवघड आहे. ज्या राज्यकर्त्याचा खून झाला, त्याच्या स्वभावाविषयी न्यायानं लिहायचं कसं?

नारायणराव पेशव्यांचंच घेऊ. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. थकलेल्या पगारासाठी बिथरलेले गारदी शनिवारवाड्यात घुसले. नारायणराव धावत काकांकडे गेले, रघुनाथरावांना त्यांनी मिठी मारली आणि तिथेच त्यांच्यावर वार झाले. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याला वाचवायला मध्ये पडला, तोही गेला. पेशव्यांनी नुकतीच अठरा वर्षं पूर्ण केली होती. ‘काका, मला वाचवा’ ही हाक आपण लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहे, की हा मुलगा राज्यही करत होता याचा आपल्याला विसर पडतो.

थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले. म्हणजे नारायणरावांच्या वाट्याला नऊ-साडेनऊ महिने आले. एवढ्या अवधीवरून स्वभावाचा निवाडा करायचा, तर हात आखडता घ्यायलाच हवा. तसं झालेलं नाही. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापणाऱ्या ग्रँट डफला ते घरच्यांवर माया करणारे, नोकरांशी प्रेमानं वागणारे वाटले. आपल्याकडच्या लिखाणात मात्र उतावळे, हलक्या कानाचे, जुन्या कारभाऱ्यांचा मान न राखणारे, अशी विशेषणं त्यांना चिकटली आहेत. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. अठराव्या वर्षी माणूस घरात लाघवी आणि दरबारात तापट असतो, यात नवल कसलं?

माझी तक्रार विशेषणांबद्दल नाही, ती ज्या कामाला जुंपली जातात त्याबद्दल आहे. ‘उतावळे होते’ इथून लिहिणारा नकळत ‘म्हणून मारले गेले’ इथवर येतो. पण गारदी आले ते पगारासाठी, आणि त्यांना हाताशी धरलं ते नजरकैदेतल्या काकांच्या पक्षानं. पुतण्या शांत, समंजस असता तरी थकबाकी उरलीच असती आणि काकांची पेशवाईची हावही. काकांना पुन्हा कोंडण्याचा निर्णय नारायणरावांचा होता, त्याचा जाब त्यांना जरूर विचारावा. पण माधवरावांनीही १७६८ साली धोडपला काकांना हरवून कैदेतच ठेवलं होतं. तोच निर्णय एकाचा करारीपणा आणि दुसऱ्याचा पोरकटपणा ठरतो, कारण एक अंथरुणावर वारला आणि दुसरा तलवारीनं.

बेसावधपणाचा आरोपही असाच. त्या दिवशी गारद्यांची कुरबूर कानावर आल्यावर नारायणरावांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं होतं. हरिपंत जेवायला गेले आणि बंदोबस्त राहून गेला. खून टळला असता, तर हाच प्रसंग पेशव्यांच्या दक्षतेचा दाखला म्हणून सांगितला गेला असता.

मग रघुनाथरावांचं काय? १७५८ साली लाहोर घेणारा, ज्याच्या मोहिमेमुळे ‘अटकेपार’ हा शब्द आपल्या तोंडी बसला, तो हाच माणूस. त्या पराक्रमानं खुनाचा दोष धुऊन निघत नाही, तसा खुनानं तो पराक्रमही खोटा ठरत नाही. पुढे १७७५ साली सुरतेचा तह करून त्यांनी इंग्रजांना घरच्या भांडणात ओढलं. त्याचा दोष मला खुनाइतकाच जड वाटतो, आणि तो वेगळा मोजावा असंही वाटतं.

सगळ्यात मोठा अन्याय झाला तो रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंवर. ‘धरावे’ या हुकुमाचं ‘मारावे’ करून ‘ध’चा ‘मा’ त्यांनी केला, ही गोष्ट आपल्याकडे म्हणीसारखी रूढ झाली. फेरफार त्यांच्या हातचा, याला भक्कम पुरावा अभ्यासकांच्या हाती लागलेला नाही. खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ १९०९ साली आलं, प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ साली. नाटकाला, सिनेमाला खलनायिका लागते, त्यात त्यांचा दोष नाही. पण इतिहास लिहिणाऱ्यानं ती रंगमंचावरून उचलून आणू नये. एका बाईच्या माथी खून मारताना आपण पुरावा मागितला नाही, हे मला फार बोचतं.

याउलट न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचं पाहा. रघुनाथराव गादीवर असतानाच त्यांनी चौकशी केली, सुमारे पन्नास जणांना दोषी धरलं, रघुनाथरावांनाही तोंडावर दोषी म्हटलं आणि पद सोडून ते पुण्याबाहेर पडले. खून झालेला पेशवा गुणी होता की तापट, या प्रश्नावर त्यांचा निवाडा अवलंबून नव्हता. ही चौकशी कशी चालली आणि रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, तिचं पुढे काय केलं, ते पुढच्या लेखांकात.