पॅनिंगचा दिवस

सकाळी ८.३०. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेल्या नळीच्या आतल्या भिंतीला नागाच्या विषातलं एक प्रथिन चिकटलेलं असतं. मोकळी राहिलेली जागा बुजवायला दोन टक्के दूध, म्हणजे साय काढलेल्या दुधाची पावडर बफरमध्ये कालवून. शेजारी कोरी नळी : विष नाही, नुसतं दूध.

१०.४५. दूध ओतून फाज घालतो. जिवाणूंना संसर्ग करणारा हा विषाणू. टोकावर माणसाच्या अँटिबॉडीचा तुकडा, पोटात त्याच तुकड्याचं जनुक. फाज सापडला की कृतीही सापडली. तुकडा जेमतेम २७ किलोडाल्टनचा, अख्खी अँटिबॉडी १५० ची. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये फाजवर पेप्टाइड मिरवलं, ग्रेग विंटर यांनी अँटिबॉडी. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा. सर्पदंशावर आपल्याकडे टोचतात तेही घोड्याच्या अँटिबॉडीचे पेप्सिनने कापलेले तुकडेच. पण त्यात घोड्याने जे जे बनवलं ते सगळं येतं. आम्हाला विषाला चिकटणारेच तुकडे निवडून घ्यायचेत. यालाच पॅनिंग म्हणतात.

याच वेळी टीजी-१ जिवाणूंचं कल्चर लावायचं. आजचं घड्याळ त्यांच्या हातात. ओडी, म्हणजे कल्चरचा गढूळपणा, ०.४ च्या आसपास, जिवाणू भराभर वाढत असतानाच फाज त्यांच्यात शिरले पाहिजेत. शिरायची वाट म्हणजे जिवाणूच्या अंगावरचे पिली नावाचे तंतू, आणि थंडीत ते तयारच होत नाहीत. म्हणून कल्चर ३७ अंशांवरून हलवायचं नाही, जेवणाची वेळ झाली तरी.

१.००. धुणं. नळी भरायची, उपडी करायची, पुन्हा भरायची. दिवसातलं खरं डोकं इथे लागतं.

"मॅडम, दहा झाले. अजून दहा करू?"

"नको गं. पहिला राउंड आहे."

आत्ता चांगल्या तुकड्याच्या मोजक्याच प्रती असतात. फार घासलं तर त्या गटारात जातात आणि पुढचे राउंड कोरडे. कडकपणा दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला. प्रोटोकॉलमध्ये आकडा असतो, कारण नसतं. म्हणून नवी मुलं जास्त धुतात.

१.२०. ट्रिप्सिनने चिकटलेले फाज सोडवले, कल्चरमध्ये घातले. अर्धा तास ३७ अंशांवर, न हलवता. शेकरवर पिली तुटतात.

३.००. प्लेटा, मग जेवण.

४.३०. आधीच्या पॅनिंगमधून मिळालेल्या क्लोनांची एलायझा, म्हणजे कोणता तुकडा खरंच विषाला चिकटतो याची चाचणी. यांतले बहुतेक बाद होणार. उरतील त्यांचे उपयोग मात्र नुसत्या विषापुरते नसतात : मुंबईत विकसित झालेल्या नेक्सकार१९ उपचारात कर्करोगाची पेशी ओळखतो तो असाच तुकडा.

६.००. प्लेटा ३० अंशांवर. त्यांत ग्लुकोज आहे, म्हणजे तुकडा बनवण्याचं काम बंद राहतं. नाहीतर ते ओझं नसलेले रिकामे जिवाणू रातोरात पुढे जातात. सकाळी दोन्ही नळ्यांच्या वसाहती मोजायच्या. पहिल्या राउंडला फरक दिसला नाही तरी दुसरा लावायचाच.