आई-बाबा वेगळे झाले, तर मूल कुणाकडे आणि खर्च कुणाचा?



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळा सुटायची वेळ. चौथीतल्या एका मुलाला न्यायला गेटवर आई आली होती आणि त्याच वेळी वडीलही आले, नवं दप्तर आणि बूट घेऊन. दोघं वर्षभरापासून वेगळे राहत होते. आई म्हणाली, "सर, त्याला यांच्याबरोबर सोडू नका." वडील म्हणाले, "मी बाप आहे त्याचा, मला कोण अडवणार?" मुलगा पाण्याची बाटली छातीशी धरून मध्ये उभा. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. कायदा काय म्हणतो, हे आम्हा दोघांनाही धड माहीत नव्हतं.

त्या दिवसानंतर मी वाचलं, ओळखीच्या वकील मॅडमना विचारलं, आणि लक्षात आलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात याबद्दल ऐकीव माहितीच जास्त असते. म्हणून आज हा विषय.

ताबा वेगळा, पालकत्व वेगळं

आधी दोन शब्द नीट समजून घेऊया. ताबा म्हणजे मूल रोज कुणाकडे राहतं, त्याचा डबा कोण भरतं, ताप आला तर रात्री कोण जागतं. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने कायदेशीर निर्णय घ्यायचा, सह्या करायचा अधिकार. ताबा आईकडे गेला म्हणून वडिलांचं पालकत्व आपोआप संपत नाही. उलटही तसंच.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ (हा बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू होतो) म्हणतो की मुलाचे नैसर्गिक पालक वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई. या 'त्यांच्यानंतर' शब्दाने बराच काळ घोळ घातला. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तेव्हा बँकेने वडिलांची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की 'त्यांच्यानंतर' याचा अर्थ 'वडील वारल्यावर' एवढाच घ्यायचा नाही. वडील प्रत्यक्षात मुलाची काळजी घेत नसतील, तर ते हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरू शकते. आजही एखाद्या कार्यालयात "वडिलांचीच सही आणा" असं ऐकू येतं, तेव्हा मला हा निकाल आठवतो.

मुस्लिम कुटुंबात ताब्याचा विचार वैयक्तिक कायद्याने सुरू होतो. हनफी परंपरेत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत ताब्याचा पहिला हक्क आईचा. गोव्यात कौटुंबिक बाबींसाठी पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता आहे. पण यातल्या कुठल्याही वाटेने गेलात, तरी न्यायाधीश शेवटी एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे मुलाचं हित कशात आहे?

"पाच वर्षांनी मूल बापाकडे जातं" हे खरं का?

नाही. कायद्यात इतकंच आहे की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. पाचवा वाढदिवस झाला की मूल वडिलांच्या हवाली करायचं, असं कुठंही लिहिलेलं नाही. पाच वर्षांनंतर नव्याने विचार होऊ शकतो, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा गैरसमज म्हणजे ज्याचा पगार मोठा त्याला मूल मिळतं. पगार कमी असेल तर त्यावर उपाय पोटगी हा आहे, मूल काढून घेणं हा नव्हे. न्यायालय मुलाचं वय पाहतं, आई-वडिलांचं वागणं पाहतं, आतापर्यंत मुलाला कोण सांभाळत होतं, शाळा आणि भावंडं कुठं आहेत, हेही पाहतं. पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० नुसार मूल समजून मत देण्याइतकं मोठं असेल, तर त्याची पसंतीही विचारात घेता येते. बऱ्याचदा न्यायाधीश मुलाला आपल्या दालनात बोलावून एकट्याशी बोलतात. मात्र मुलाने सांगितलं म्हणजे झालं असं नाही. ते कुणी पढवून पाठवलंय का, हेही पाहिलं जातं. (आपण शिक्षक पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखतो, तसंच हे.)

आणखी एक गोष्ट. ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो. परिस्थिती बदलली तर पुन्हा अर्ज करता येतो. ताब्यासाठीचा अर्ज साधारणपणे मूल जिथं राहतं त्या भागातल्या न्यायालयात करायचा. घटस्फोटाचा दावा चालू असेल, तर त्यातच मुलांचा ताबा, शिक्षण आणि खर्च यांबद्दल मागणी करता येते.

भेट

मूल एकाकडे राहिलं, तरी दुसऱ्याला ते भेटलं पाहिजे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलाला दुसरा भेटला पाहिजे. दर पंधरवड्याला एक दिवस, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी, वाढदिवसाला काही तास, असे आदेश नेहमी दिसतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला जोड दिली. प्रत्यक्ष भेटीबरोबर संपर्काचाही हक्क आहे आणि ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता आलं पाहिजे, असं म्हटलं. परगावी किंवा परदेशी असलेल्यांसाठी व्हिडिओ कॉल.

जिथं मुलाला धोका आहे, मारहाण किंवा व्यसन आहे, तिथं भेट देखरेखीखाली ठेवता येते किंवा थांबवताही येते. पण ते ठरवायचं न्यायालयाने. आजोबांनी किंवा मामांनी परस्पर ठरवायचं नाही.

आता पोटगी

घोळ सगळ्यात जास्त इथं आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, मुलाची पोटगी बायकोच्या पोटगीपेक्षा वेगळी असते. बायको कमावते म्हणून तिची पोटगी नाकारली गेली, तरी मुलाची चालू राहते. आई-वडिलांचं लग्न कायदेशीर होतं की नव्हतं, यानेही मुलाच्या हक्कात फरक पडत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आपण ऐकलेलं असतं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं आहे. ते सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. मुस्लिम वडिलांची जबाबदारी फक्त दोन वर्षांपुरती, असा एक युक्तिवाद केला जायचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच तो फेटाळला.

रक्कम किती? याचं ठरलेलं सूत्र नाही. पूर्वी महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ मध्ये काढली. आता दोघांचं उत्पन्न, मुलाच्या गरजा आणि घरातलं आधीचं राहणीमान पाहून रक्कम ठरते. दोघंही कमावते असतील तर भार वाटून घ्यायचा. २००० सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलाचा खर्च महिना ३,००० रुपये धरला आणि दोघांच्या पगाराकडे पाहून तो २:१ असा वाटला. वडिलांनी २,००० आणि आईने १,०००. आपल्या सहावीच्या गुणोत्तर-प्रमाणाच्या धड्यातलंच गणित हे!

आपणही एक करून पाहू. समजा सातवीतली मुलगी आहे. महिन्याला फी १,५००, रिक्षा ८००, वह्या-पुस्तकं-गणवेश ५००, खाणं-पिणं ४,०००, दवाखाना ५००, शिकवणी १,००० आणि घरभाड्यातला तिचा वाटा २,०००. बेरीज १०,३००. आईचा पगार १५,००० आणि वडिलांचा ३०,००० असेल, तर गुणोत्तर १:२. वडिलांचा वाटा साधारण ६,८७० रुपये. न्यायालय असं तंतोतंत गणित मांडतंच असं नाही. पण अर्ज करताना असा कागद हातात असला की "एवढे कशाला लागतात?" या प्रश्नाला उत्तर तयार असतं. घरभाड्यातला वाटा धरायला लोक हमखास विसरतात.

उत्पन्न लपवणं ही जुनी युक्ती. धंदा भावाच्या नावावर, गाडी मित्राच्या नावावर, आणि न्यायालयात "मी बेरोजगार आहे". यावर ४ नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फार उपयोगी आहे. प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेलं. तिथं मुलाला आधी महिना ५,००० आणि पुढे १०,००० रुपये अंतरिम पोटगी मंजूर झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केलीच, शिवाय देशभरासाठी दोन महत्त्वाच्या गोष्टी ठरवल्या. एक, दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता, उत्पन्न, कर्ज यांची माहिती प्रतिज्ञापत्रावर द्यायची. दोन, पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. त्यामुळे तारखा घेत राहिल्याने पैसे वाचत नाहीत, थकबाकी साचते. आणि धडधाकट माणसाला "काम नाही" एवढं सांगून सुटता येत नाही. अंगमेहनत करून का होईना, बायको-मुलांचा खर्च उचलायचा, असं न्यायालयाने २०२२ मध्येही म्हटलं.

अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली निघावा असं कायदा सांगतो. 'शक्यतो' या शब्दात बरेच महिने मावतात, हा भाग वेगळा.

आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर? रक्कम थकल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करायचा. ही मुदत लक्षात ठेवा, अनेकांची इथंच चूक होते. न्यायालय वसुलीचं वारंट काढू शकतं आणि तरीही रक्कम वसूल झाली नाही, तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं. तुरुंगात जाऊन आलं म्हणजे बाकी फिटली असंही नाही. पैसे द्यावे लागतातच.

कलम १४४ खाली ही जबाबदारी मूल १८ वर्षांचं होईपर्यंत असते. अपंगत्व किंवा आजारामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मुलासाठी पुढेही राहते. आणि हिंदू कायद्यानुसार अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल, तर १८ नंतरही ती वडिलांकडे मागणी करू शकते. पण त्यासाठी दावा वेगळ्या कायद्याखाली करावा लागतो.

"भेटू देत नाही, मग पैसे का देऊ?"

हे वाक्य मी पालक सभेनंतर व्हरांड्यात कितीदा ऐकलंय! आणि समोरून येणारं दुसरं वाक्य म्हणजे "पैसे देत नाही, मग मुलगा का दाखवू?" दोन्ही बाजूंना वाटतं की आपलं बरोबर आहे.

कायद्यात या दोन गोष्टी एकमेकांना बांधलेल्या नाहीत. भेट होत नसेल, तर भेटीच्या आदेशासाठी न्यायालयात जायचं, पण पोटगी चालू ठेवायची. पोटगी येत नसेल, तर वसुलीचा अर्ज करायचा, पण मूल लपवायचं नाही. कारण दोन्ही हक्क मुळात मुलाचे आहेत. वडिलांनी पैसे थांबवले की फी मुलाची राहते. आईने भेट थांबवली की बाबा मुलाचे हरवतात.

संमतीने घटस्फोट घेताना "मला काही नको, फक्त मूल द्या" असं म्हणत मुलाची पोटगी सोडून देणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. सुटका लवकर व्हावी म्हणून त्या तसं करतात, त्यांना दोष देववत नाही. पण आई स्वतःचा हक्क सोडू शकते, मुलाचा नाही. करारात काहीही लिहिलेलं असलं, तरी पुढे मुलासाठी मागणी करता येते.

शाळेच्या बाजूने

आदेश झाला असेल तर त्याची प्रत शाळेत द्या. तोंडी सांगणं पुरत नाही. आदेशाची प्रत नसेल, तर आई-वडिलांपैकी एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्याला प्रगतिपुस्तक नाकारणं शाळेला अवघड असतं. दुसऱ्या गावी जावं लागलं आणि जुन्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला, तर आठवीपर्यंत तेवढ्या कारणाने प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो. आणि शिक्षकांनो, "बाबांची सही का नाही आणली?" हा प्रश्न भर वर्गात विचारू नका.

वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्यालाही समिती असते. महिला आणि मुलांना तिथं मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जाताना मुलाचा जन्मदाखला, बोनाफाईड, फीच्या पावत्या, औषधांची बिलं आणि दुसऱ्या पालकाच्या नोकरी-धंद्याची जी माहिती असेल ती न्या.

आमच्या त्या मुलाचं काय झालं, ते सांगतो. त्या दिवशी मुख्याध्यापकांनी दोघांनाही कार्यालयात बसवलं, चहा दिला आणि रोज मूल जिच्याकडे राहतं त्या आईबरोबर त्याला पाठवलं. दप्तर आणि बूट मात्र त्याने घेतले. पाचेक महिन्यांनी कुटुंब न्यायालयाचा आदेश आला, दुसरा आणि चौथा शनिवार वडिलांकडे. त्याची झेरॉक्स आता मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे आणि शिपाईमामांना ते दोन शनिवार पाठ आहेत. मुलगा आता सहावीत आहे. त्या शनिवारी तो दप्तरात क्रिकेटचा बॉल घेऊन येतो, आणि मधल्या सुट्टीत तो बॉल माझ्याकडे जमा असतो.