मरणाचा मोबदला आणि उपहासपट

अनुषा रिझवी दिग्दर्शित ‘पीपली लाइव्ह’ हा हिंदी उपहासपट, म्हणजे सत्तेच्या वागण्यातील विसंगती हास्यास्पद करून तिचा दोष उघडा पाडणारा चित्रपट, ऑगस्ट २०१० मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा विदर्भ जनआंदोलन समितीने त्यात शेतकऱ्यांच्या मरणाची थट्टा झाल्याचे सांगून बंदीची मागणी केली. यवतमाळ जिल्ह्याने आत्महत्यांचा जो भार सोसला आहे, तो पाहता हा आक्षेप हळवेपणा म्हणून बाजूला सारता येत नाही. तथापि चित्रपटाचा रोख शेतकऱ्यावर नसून, जिवंत कर्जदाराकडे न फिरकणाऱ्या आणि तो मरणार म्हटल्यावर धावून येणाऱ्या यंत्रणेवर आहे.

चित्रपटात नत्था आणि त्याचा भाऊ बुधिया या शेतकऱ्यांची जमीन कर्जापायी जाण्याची वेळ येते, तेव्हा गावचा पुढारी त्यांना आत्महत्येवर मिळणाऱ्या एक लाख रुपयांची वाट दाखवतो. महाराष्ट्रातही २००६ च्या शासन निर्णयानुसार मदत एक लाखाचीच होती, पैकी ३० हजार हाती आणि ७० हजार ठेव म्हणून. मात्र त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागे, म्हणजे सातबाऱ्यावरील नाव, मान्यताप्राप्त संस्थेचे थकीत कर्ज आणि वसुलीचा तगादा हे सारे कागदोपत्री सिद्ध व्हावे लागे. बिनपरवाना सावकाराकडून उचललेला पैसा या कागदांत बसत नसे, आणि नवऱ्यामागे घर सांभाळणाऱ्या बाईला आपले दुःख नियमात बसवून दाखवण्याची पाळी येई, हा या व्यवस्थेतील सर्वांत क्रूर भाग होय. चित्रपटाचा शेवट नेमका येथेच बोट ठेवतो: जळालेला देह नत्थाचा समजला जातो, पण मृत्यू अपघाती ठरल्याने कुटुंबाला मदत मिळत नाही.

अमेरिकेत बिली वाइल्डर यांनी १९५१ च्या ‘एस इन द होल’मध्ये माणसाच्या मरणाचा असाच बाजार दाखवला होता, तेथे डोंगरात गाडल्या गेलेल्या माणसाची सुटका बातमीदार आणि पुन्हा निवडून येऊ पाहणारा शेरीफ, म्हणजे परगण्याचा निवडून दिलेला पोलीसप्रमुख, संगनमताने लांबवतात. पीपलीतही पोटनिवडणूक तोंडावर आहे, आणि नत्था जीव देणार या बातमीमागे धावलेले वाहिन्यांचे कॅमेरे त्याच्या दारात असताना माती खणून विकणारा होरी महातो कोणाच्या लक्षातही न येता मरतो.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) हा वैदर्भीय बोलीतला मराठी चित्रपट समितीच्या आक्षेपाला अधिक समाधानकारक उत्तर देतो, कारण त्यातील विनोद बाहेरून आलेल्यांच्या गर्दीतून नव्हे, तर घरातल्या भीतीतून उपजतो. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर आपला नवरा किसनाही तसेच करील या धास्तीने अलका त्याच्यावर लेकाला पाळतीला ठेवते आणि त्याला खूश ठेवण्यासाठी धडपडते. किसनाला मात्र पावसाअभावी वाया गेलेल्या पेरणीची आणि पुन्हा बियाणे आणण्यासाठी लागणाऱ्या पैशांची चिंता असते, म्हणून बायकोचे हे वागणे त्याला उमगत नाही.