चंद्र दिसण्याआधीची तयारी

शाबान महिना संपत आला की मुस्लिम घरांत एकच प्रश्न फिरू लागतो: चंद्र आज दिसणार की उद्या? दिसला, तर त्याच रात्री मशिदीत तरावीहची नमाज सुरू होते आणि पहाटे सहेरीसाठी स्वयंपाकघरात दिवा लागतो. दुपारची चूल बंद होते, संध्याकाळी सगळे घर एकाच वेळी दस्तरखानाभोवती बसते, रात्री उशिरापर्यंत जाग असते. एका रात्रीत घराचे घड्याळ फिरते. बहुतेकांना या बदलाचीच ओढ असते. पण ज्या घरात स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला मुलगा किंवा मुलगी आहे, तिथे हाच बदल आईवडिलांच्या जिवाला घोर लावतो.

रोज एक वाजता जेवणाऱ्या मुलाला दुपारी स्वयंपाकघर थंड दिसते. रोज दहाला निजणारे घर मध्यरात्री उजळलेले असते. तो कानांवर हात दाबतो, येरझाऱ्या घालतो, ओरडतो, कधी स्वतःचाच हात चावतो. इफ्तारला आलेल्या पाहुण्यांना वाटते, पोरगा हट्टी आहे, आईने लाडावून ठेवला आहे.

हे केवळ रमजानचे नाही. गणपतीत घराचा दिवाणखाना बदलतो आणि दाराशी ढोल वाजतात, दिवाळीत फटाके कधी फुटतील याचा नेम नसतो, मे महिन्यात शाळा बंद होते. अंधेरी असो की मुलुंड, सणाच्या दिवसांत अशा घरांची काळजी सारखीच असते.

दोष संगोपनाचा नाही

१९४३ मध्ये अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. या मुलांत त्यांना एक गोष्ट ठळकपणे दिसली. भोवतालचे सारे काही होते तसेच राहावे, हा त्यांचा ध्यास होता. पुढे बरीच वर्षे मायेत कमी पडल्याचा ठपका आयांवर ठेवला गेला. तो समज आता मोडीत निघाला आहे. स्वमग्नता जन्मापासूनची असते. मेंदूची जडणघडणच वेगळ्या तऱ्हेने होते. कुणी अजिबात बोलत नाही, कुणी पदवीधर होतो. पण आवाज, उजेड आणि स्पर्श अंगावर येणे, आणि पुढे काय होणार हे न कळल्याने घाबरून जाणे, हे अनेकांच्या वाट्याला येते.

आपल्याला रोजच्या गोंगाटातून नेमके हवे ते निवडता येते. ज्याला ते जमत नाही, त्याच्यासाठी ठरलेली वेळ, ठरलेली ताटली आणि ठरलेला रस्ता हे आधाराचे खांब असतात. खांब न सांगता हलवला, तर कोणीही कोसळेल.

आधी सांगितलेला बदल

बदल टाळता येत नाही, पण तो आधी सांगता येतो. शब्दांपेक्षा चित्रांतून सांगितला तर अधिक चांगला. रमजानच्या पंधरा दिवस आधी भिंतीवर मोठे कॅलेंडर लावावे. दिवसाचा क्रम चित्रांत मांडावा: आई झोपलेली, आई सहेरी खाताना, तुझा नाश्ता, तुझी शाळा, तुझे जेवण, अजान, इफ्तार. त्यात त्याच्या न बदलणाऱ्या गोष्टी ठळक दिसाव्यात. घर रोज्यात असले, तरी त्याचे एक वाजताचे ताट एक वाजताच यावे. झोपायची खोली आणि वेळ तीच राहावी.

अमेरिकेतील शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अशा मुलांसाठी छोट्या गोष्टी लिहिण्याची पद्धत रूढ केली. त्यात मुलगा स्वतःच नायक असतो आणि पुढे काय घडणार, लोक काय करतील, आपण काय करू शकतो, हे साध्या वाक्यांत येते. अशी गोष्ट मराठीत, उर्दूत, घरच्या कोणत्याही बोलीत लिहिता येते. ईदच्या दिवशी लोक गळाभेट घेतात. तुला नको असेल, तर हात छातीवर ठेवून सलाम कर. एवढीशी गोष्ट आठवडाभर रोज वाचली, तर ईदची सकाळ पुष्कळ सोपी होते. नवा कुर्ता आधी दोन-तीनदा धुऊन मऊ करावा, टोचणारे लेबल कापून टाकावे आणि तो आठवडाभर आधीच घरात घालून पाहावा.

अवघड प्रश्न चंद्राचा. ईद उद्या की परवा, हे एकोणतिसाव्या संध्याकाळपर्यंत पक्के नसते. अशा वेळी खोटा दिलासा देऊ नये. अनिश्चितताही चित्रात दाखवता येते. दोन कार्डे करावीत. चंद्र दिसला तर हे, नाही दिसला तर ते. दोन्ही कार्डे आधीच पाहिलेली असली, की त्यांपैकी कोणतेही उघडले तरी ते अनोळखी नसते.

रोजा कोणी ठेवायचा?

नातेवाइकांकडून हा प्रश्न हमखास येतो. रोजा समज असलेल्या, वयात आलेल्या आणि प्रकृती साथ देणाऱ्या माणसावर आहे. आजारी आणि प्रवासी यांना कुरआननेच सवलत दिली आहे. ज्याला रोज्याचा अर्थच उमगत नाही, त्याच्यावर तो फर्ज होत नाही. पण अनेक स्वमग्न तरुणांना तो नीट उमगतो आणि ते मनापासून रोजे ठेवतात. काही जण नियमाला इतके पक्के असतात, की ताप आला तरी रोजा सोडत नाहीत. त्यांना सवलत हाही नियमच आहे, असे समजावून सांगावे लागते. फिट्सचे किंवा इतर औषध रोज चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेळा बदलू नयेत.

पैगंबरांच्या काळात मदिनेत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम नावाचे दृष्टिहीन सहकारी होते. सहेरी संपल्याची खूण त्यांची पहाटेची अजान असे. दिसत नसलेल्या माणसाच्या आवाजावर सगळे शहर खाणे थांबवत होते. दिव्यांग माणसाला दयेपोटी कोपऱ्यात बसवले नव्हते, त्याच्याकडे काम सोपवले होते. दस्तरखान अंथरणे, प्रत्येकापुढे मोजून तीन खजूर ठेवणे, घड्याळ पाहून वेळ सांगणे ही कामे अनेक स्वमग्न मुले आपल्यापेक्षा काटेकोरपणे करतात. बदलाच्या दिवसांत हातात ठरलेले काम असले, की पायाखालची जमीन घट्ट राहते.

रमजानपेक्षा मोठे बदल

रमजान दरवर्षी येतो आणि महिन्याने संपतो. वाढत्या वयातले बदल तसे नसतात. आवाज फुटतो, पाळी सुरू होते, शाळा संपते. उपनगरांत आणखी एक बदल घरोघर आला आहे, तो इमारतीच्या पुनर्विकासाचा. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत जुन्या इमारती पाडल्या जातात आणि कुटुंबे काही वर्षांसाठी भाड्याच्या घरात जातात. स्वमग्न तरुणासाठी खिडकी, जिना, खालचा वाणी, सगळे एका दिवसात नाहीसे होते. म्हणून सामान हलवण्याआधी नवे घर त्याला पाच-सहा वेळा दाखवावे. जुन्या घराचे फोटो काढून वही करावी. नव्या घरात सर्वांत आधी त्याची खोली लावावी, तीही जुन्यासारखीच.

नवा रस्ताही असाच तुकड्यातुकड्यांनी शिकवता येतो. कामाचे प्रशिक्षण केंद्र अंधेरीला आणि घर घाटकोपरला असेल, तर मेट्रोचा सराव रविवारी कमी गर्दीत सुरू करावा. वर्सोव्यापर्यंतची बारा स्थानके क्रमाने कागदावर लिहून द्यावीत. आधी सोबत बसावे, मग शेजारच्या डब्यात, मग अंधेरीला उतरून वाट पाहावी.

स्वतः स्वमग्न असलेल्या अमेरिकेतील पशुविज्ञान प्राध्यापक टेंपल ग्रँडिन यांनी लिहिले आहे, की आयुष्याचा पुढचा टप्पा त्यांना शब्दांत कळत नसे. त्या खरोखरीच्या एका दारातून पुन्हा पुन्हा जात आणि त्यातून पुढे जाणे म्हणजे काय हे मनाला समजावत. आपल्या मुलाचे दार कोणते, हे आईवडिलांनाच शोधावे लागते.

२०१० मध्ये आलेल्या ‘माय नेम इज खान’ या चित्रपटातला रिझवान बोरिवलीत वाढलेला दाखवला आहे. त्याचे जग समजून घेणारी एकच व्यक्ती, त्याची आई. ती गेल्यावर त्याला परदेशी भावाकडे जावे लागते आणि त्याच्या अवस्थेचे नाव तिथे भावजयीच्या लक्षात येते. पडद्यावरची ही गोष्ट असंख्य आईवडिलांची खरी भीती आहे. आपल्यानंतर कोण?

या प्रश्नाचे कायद्यातले उत्तर अर्धवट का होईना, पण आहे. मुलगा अठरा वर्षांचा झाला, की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड हा सारा पट्टा मुंबई उपनगर जिल्ह्यात येतो, आणि त्याचे जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. प्रत्येकाला पालकाची गरज असतेच असे नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचा भर माणसाच्या स्वतःच्या निर्णयाला आधार देण्यावर आहे. याच कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत स्वमग्नता आली आणि सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांचे दारही उघडले. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ईदच्या चंद्राचा भरवसा नसतो, अठरावा वाढदिवस मात्र कधी येणार हे जन्माच्या दाखल्यावरच लिहिलेले असते. कागदांची तयारी सोळाव्या-सतराव्या वर्षीच सुरू करावी.

आईवडिलांचा इफ्तार

रात्री मुलाबरोबर जागून पहाटे सहेरीला उठणाऱ्या आईचा विचार कोण करतो? मुलाला गर्दी सोसत नाही म्हणून ती लग्नाला जात नाही, तरावीहला जात नाही, हळूहळू तिला बोलावणेही थांबते. मुंबईत फोरम फॉर ऑटिझमसारखे पालकांचे गट याच एकटेपणातून उभे राहिले. सल्ल्याआधी तिथे समजून घेणारे कान मिळतात. घरच्यांनीही वाटा उचलावा. एक सहेरी वडिलांनी करावी, एक संध्याकाळ आत्याने मुलाजवळ बसावे. आईला सलग सहा तास झोप मिळाली, तर दुसऱ्या दिवशीचा बदल पेलायचे बळ तिला येते.

उरलेले काम शेजाऱ्यांचे आहे. कॅनर यांच्या अकरा मुलांतला पहिला, डॉनल्ड ट्रिपलेट, अमेरिकेतील फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात राहिला. गावाने त्याच्या सवयी ओळखल्या, कुटुंबाने पैशांची सोय करून ठेवली. त्याने तिथल्या बँकेत अनेक दशके नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्याने प्रवास केला, आणि आईवडिलांच्या पश्चात बरीच वर्षे जगून २०२३ मध्ये वयाच्या ८९व्या वर्षी तो गेला.

आपल्या सोसायटीलाही हे जमण्यासारखे आहे. फटाके, डीजे किंवा लिफ्टची दुरुस्ती असेल, तर त्या घरी आदल्या दिवशी सांगावे. मुलगा जिन्यात ओरडला, तर मोबाइल काढण्याऐवजी वाट मोकळी करून द्यावी. आणि यंदा शीरखुर्म्याला त्यांच्याकडे जायचे असेल, तर आधी फोन करून विचारावे, “भाभी, किती वाजता येऊ? आणि आम्ही कितीजण आलो तर त्याला चालेल?”