पाच एकरांच्या तळ्यावरची वीस वर्षं

२००३ च्या एप्रिलात इलिनॉयमधल्या आमच्या वसाहतीमागच्या तळ्यावर मी पहिल्यांदा गरवायला उभा राहिलो, तेव्हा पेटीत तीनच आमिषं होती. पत्र्याची पाती गरगरवणारा स्पिनरबेट, फुगीर पोटाचा क्रँकबेट आणि जांभळ्या प्लॅस्टिकच्या गांडुळांचं एक पाकीट. त्याआधीचा अनुभव म्हणजे रत्नागिरीच्या खाडीत आजोबांबरोबर टाकलेली गरी. तंगूस तर्जनीवर घेऊन बसायचं, ओढ आधी बोटाला कळली पाहिजे, असं ते सांगत.

तळं जेमतेम पाच एकरांचं. रविवारी काठावर दहा-बारा माणसं ठरलेली. पहिल्या महिन्यात स्पिनरबेटला लार्जमाऊथ बास भराभर लागले. जूनमध्ये तेच आमिष जवळून गेलं की मासे बाजूला सरकायचे. निवळ पाण्यात मी ते डोळ्यांनी पाहिलं. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, मासे शिकले. ते वाक्य मी बरीच वर्षं प्रमाण मानलं आणि त्याच्या मागोमाग माझी पेटी बदलत गेली.

त्या पेटीत आता सत्तर वर्षांचा इतिहास आहे. १९४९ मध्ये ओहायोतल्या ॲक्रनला निक क्रीम यांनी प्लॅस्टिकचं मऊ गांडूळ तयार केलं. पुढे गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवायची टेक्सास पद्धत रूढ झाली आणि पाणवनस्पतींत, बुडालेल्या फांद्यांत न अडकता आमिष पोचायला लागलं. नव्वदच्या दशकात गॅरी यामामोटो यांचा सेन्को आला. ना शेपूट, ना पाय, नुसती मीठ घातलेली जाड कांडी. ती सैल दोऱ्यावर सोडली की दोन्ही टोकं थरथरवत आडवी खाली जाते. माणसाने हात आवरायचा, एवढंच त्यातलं कसब. आणि मला ते शिकायला दोन उन्हाळे लागले. जपानमधून आलेल्या ड्रॉपशॉटमध्ये शिसं तळाशी आणि गळ वीतभर वर, त्यामुळे आमिष एकाच जागी तरंगत राहतं. कॅन्ससच्या नेड केहडी यांचं नाव मिळालेली नेड रिग तर त्याहून साधी: अळंबीच्या आकाराचं, पावणेदोन ग्रॅमचं शिसं आणि त्यावर अडीच-तीन इंचांचा मऊ तुकडा. गर्दीच्या छोट्या तळ्यांवर तिने जे दिलं, ते माझ्या कुठल्याही महागड्या आमिषाने दिलं नाही. मात्र तिला मासा ओढत नाही, नुसता तोंडात धरतो. दोरा किंचित जड होतो, तेवढंच. तिथे आजोबांची तर्जनी कामाला आली.

जागेचं गणितही हळूहळू उमगलं. काठावरचा माणूस तळ्याच्या मध्यावर फेकतो, होडीतला काठाकडे. काठाला समांतर, वनस्पतींच्या कडेने कोणीच फेकत नाही. म्हणून मी पाण्यापासून दहा फूट मागे गुडघ्यावर बसून पहिली फेक तशी टाकू लागलो. रविवार सोडून मंगळवार धरला. वारा ज्या काठाला लागतो तो काठ, आणि पावसानंतर ओहोळाचं तोंड.

मग कोणता मासा गळाला लागतो आणि कोणता नाही, याचा रिज लेकवरचा अभ्यास वाचनात आला. हे तळं आमच्यापासून दक्षिणेला, तासाभराच्या अंतरावर. सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या या अभ्यासात चार वर्षं तिथे पकडलेला प्रत्येक बास जिवंत आणून त्याला खूण करायची, नोंद घ्यायची आणि परत सोडायचा, असा नियम होता. शेवटी तळं उपसलं तेव्हा १७०० हून अधिक बास मिळाले. त्यांतले सुमारे २०० एकदाही गळाला लागलेले नव्हते, आणि एक मासा एकाच वर्षात १६ वेळा लागला होता! संशोधक डेव्हिड फिलिप आणि सहकाऱ्यांनी सहज लागणारे आणि न लागणारे यांची वेगवेगळी पैदास तीन पिढ्या केली. दोन्हींमधलं अंतर वाढत गेलं. म्हणजे हा स्वभाव काही अंशी रक्तातून येतो. २०१२ मध्ये याच कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली: गळाला सहज लागणारे नर घरट्यावरची अंडी-पिल्लं जास्त नेटाने राखतात.

हे वाचून मला २००३ चा तो पहिला महिना आठवला. एप्रिल-मे हा इथे विणीचा काळ. काठाजवळ, घरट्यावर उभे असलेले ते नर माझ्या स्पिनरबेटवर धावून येत होते आणि मी ते घरी नेऊन रवा लावून तळत होतो. बाकीचेही तेच करत होते. जूनमध्ये जे बाजूला सरकत होते, त्यांतले काही शिकलेले असतीलही. पण धावून येणारे बरेचसे तोवर आमच्या ताटात गेले होते. याचं वाईट वाटतं, अजूनही.

२०१३ पासून मी एप्रिल-मेमध्ये या तळ्यावर गरी टाकत नाही आणि एकही बास घरी नेत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात शेपटीला खाच असलेला एक मासा त्याच तपकिरी नेड रिगवर चार वेळा आला. पूर्वेच्या काठाला विलोच्या मुळांशी मात्र एक मोठी मादी राहते, डाव्या कल्ल्यामागे पांढरा व्रण असलेली. सहा वर्षांत तिला मी पेटीतलं सगळं दाखवलं आहे. मंगळवारी पाऊस सांगितला आहे. या खेपेला शिसंच काढून टाकीन आणि नुसता सेन्को मुळांच्या पलीकडून सोडून बघेन.