पीकरक्षणाची बंदूक आणि नळीचे जोड : उपयोग व मर्यादा

म्हैसूर–नंजनगूड मार्गावरील कडकोळचा परिसर असो वा कोकणातील भातखाचरे, रानडुकरांचा कळप एका रात्रीत हंगामाचे कष्ट मातीमोल करू शकतो. त्यामुळे परवानाधारक शेतकरी बंदुकीच्या नळीस बसविण्याच्या जोडांविषयी विचारणा करतात. त्यांची उपयुक्तता तपासूनच सल्ला देणे इष्ट ठरते.

चोक : नळीच्या तोंडाशी असलेला किंचित अरुंद भाग म्हणजे चोक. तो नळीतच घडविलेला असतो किंवा आट्यांनी बसविता येतो. बाराबोर नळीचा आतील व्यास सुमारे १८.५ मिमी असतो. पूर्ण चोकमध्ये तो साधारण १ मिमीने घटतो. सुमारे ३६ मीटर अंतरावर, ७५ सेंमी व्यासाच्या वर्तुळात बिनचोक नळीचे अंदाजे ४० टक्के, तर पूर्ण चोकचे ७० टक्के छर्रे पडतात. म्हणजेच चोक फैलाव आवरतो. छर्र्यांची भेदकता मात्र लक्षणीय वाढवीत नाही. पक्ष्यांसाठीच्या बारीक छर्र्यांनी रानडुक्कर केवळ जखमी होते आणि जखमी जनावर माणसावर उलटते. पूर्ण चोकमधून अखंड गोळी झाडल्यास नळी फुटण्याचा धोका असतो. म्हणून उत्पादकाची सूचना पाहिल्याविना तसे करू नये.

अन्य जोड : धक्का कमी करणारी छिद्रयुक्त तोंडे शेतीच्या मोजक्या वापरात अनावश्यक आहेत. आवाज दडपणारे जोड कायद्याने निषिद्ध वर्गात मोडतात. ठासणीच्या बंदुकीस गावठी जोड बसविणे जिवावर बेतू शकते.

कायदा : शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. मात्र परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ अन्वये सक्षम वनाधिकाऱ्याचा लेखी आदेश आवश्यक असतो. शेजारच्या कोडगूतील कोडव समाज व जम्मा जमीनधारकांची परवान्यातील सवलत इतरांस लागू नाही.

शिफारस : जोडावर खर्च करण्यापूर्वी सौर कुंपण, मक्याभोवती एरंडीच्या ओळी आणि सामूहिक राखण यांचा अवलंब करावा. कुंपणात थेट वीजप्रवाह कदापि सोडू नये. नुकसान होताच वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करावा. अंधारात हालचाल दिसली म्हणून बार काढू नये. त्या पिकात राखणीस बसलेला शेजारीही असू शकतो.