दोन औषधांनी गुण आला नाही, तर पुढे काय? नैराश्यावरच्या जुन्या गोळ्यांविषयी

“याला ठाण्याला पाठवा!” अशी थट्टा आपल्याकडे सर्रास चालते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. पण या थट्टेची किंमत ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवलीच्या वस्त्यांतली घरे मोजतात. नैराश्याचा रुग्ण जवळच्या दवाखान्यातून एक गोळी आणतो, मग दुसरी. फरक पडत नाही. मग घरचे म्हणतात, “आता ठाणेच उरले.” त्या भीतीने उपचारच थांबतो.

खरे तर पहिली गोळी लागू न पडणे नेहमीचे आहे. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर ‘स्टार-डी’ नावाचा अभ्यास झाला. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पहिल्या औषधाने साधारण तीनांत एकाचेच नैराश्य पूर्ण गेले. दोन टप्पे फसल्यावर काहींना नॉरट्रिप्टिलिन हे जुने औषध दिले, तेव्हा त्यांतल्या पाचांत एकाला पूर्ण आराम पडला. पाचांत एक हा आकडा लहान वाटेल, पण दोनदा निराश झालेल्या घराला ती एक खरी वाट आहे.

जुन्या गोळ्या म्हणजे कोणत्या?

इमिप्रामिन, अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, क्लोमिप्रामिन. स्वित्झर्लंडचे डॉ. रोलांड कून यांनी १९५७ मध्ये इमिप्रामिनचा गुण जगासमोर मांडला. त्याच दशकात क्षयरोगावरच्या इप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांचे मन उल्हसित होते, हेही दिसले होते. म्हणजे नैराश्याच्या औषधांचा एक धागा टीबीच्या वॉर्डातून आला आहे. पुढे फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटालोप्राम अशा नव्या गोळ्या आल्या. जुन्या मागे पडल्या त्या गुण कमी म्हणून नव्हे, तर त्रास आणि धोका जास्त म्हणून. अमिट्रिप्टिलिन आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि ते स्वस्त आहे.

औषध बदलण्याआधी हे तपासा

आधीची गोळी पुऱ्या डोसमध्ये, रोज, किमान चार ते सहा आठवडे घेतली होती का? पैसे नव्हते म्हणून मध्येच बंद पडली असेल, तर ते औषध फसले असे म्हणता येत नाही. कंबरदुखी किंवा डोकेदुखीसाठी अमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी अनेकांना मिळते. तेवढ्याने नैराश्याचा उपचार होत नाही. त्याला बहुधा ७५ मिलिग्रॅम किंवा जास्त लागते, आणि तो डोस डॉक्टर हळूहळू वाढवतात.

थायरॉइड आणि रक्तक्षय तपासून घ्या. दारू चालू असेल तर लपवू नका. पूर्वी कधी झोपेची गरजच वाटली नाही, बोलणे आणि पैसे उधळणे अचानक वाढले, असे दिवस आले असतील तर तेही सांगा. तो आजार वेगळा असतो, आणि जुन्या गोळ्यांनी तो उसळू शकतो. घरात मारहाण, कर्ज किंवा बेकारी असेल, तर गोळीबरोबर समुपदेशन आणि माणसांची मदतही लागते.

डॉक्टरांना काय सांगायचे?

हृदयविकार, काचबिंदू, प्रोस्टेटमुळे लघवी अडणे, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगा. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर ईसीजी काढून घ्यावा. एमडीआर टीबीच्या उपचारात लिनेझोलिड चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण नैराश्याच्या गोळ्यांशी त्याचा धोकादायक संयोग होतो. फ्लुओक्सेटिन बंद केल्यावरही काही आठवडे शरीरात राहते. म्हणून एक गोळी सोडून दुसरी आपल्या मनाने सुरू करायची नाही. चालू गोळी एकदम बंदही करायची नाही.

तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, झोप येणे, धूसर दिसणे, उठताना चक्कर येणे, वजन वाढणे हे त्रास होतात. त्यांतले काही पुढे कमी होतात. गुण दिसायला मात्र काही आठवडे लागतात. लघवी अडली, छातीत धडधड झाली किंवा चक्कर येऊन पडले, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

गोळ्या कोणाच्या हातात?

हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. ठरल्यापेक्षा जास्त गोळ्या पोटात गेल्या, तर ही जुनी औषधे हृदयाचे ठोके बिघडवतात आणि जीव जाऊ शकतो. एका खोलीच्या घरात लहान मुलांचाही हात पोहोचतो. म्हणून डॉक्टरांकडून थोड्याच दिवसांच्या गोळ्या मागा. घरातल्या एका जबाबदार माणसाने त्या कुलपात ठेवाव्यात आणि रोजचा डोस आपल्या हाताने द्यावा. उरलेल्या गोळ्या शेजारी देऊ नका. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः तरुणांवर लक्ष ठेवा. “जगून काय करू” असे कोणी म्हणाले, तर एकटे सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. गोळ्या जास्त गेल्याचा नुसता संशय आला, तरी १०८ ला फोन करा.

कुठे जायचे?

ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे. तिथे गेले म्हणजे भरती करतातच, असे नाही. तपासून, गोळ्या घेऊन लोक घरी येतात. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे, तिथेही मानसोपचार विभागात दाखवता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सरकारी सेवेत मानसोपचार मिळणे हा आपला हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तो मोफत मिळाला पाहिजे, मग हातात कार्ड असो वा नसो.

जाताना आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि रिकामी पाकिटे पिशवीत घ्या. प्रत्येक गोळी किती दिवस घेतली, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टरांना थेट विचारा: “दोन औषधे पुरी घेतली, गुण आला नाही. जुनी गोळी मला चालेल का? ईसीजी लागेल का? आणि ती नाही चालली, तर पुढचा उपाय कोणता?” या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय उठू नका.